कोरडं माप

सरांनी माझी मुलाखत भरिताच्या पंगतीत घेतली. मी धुळ्याहून सकाळची पहिली एसटी धरून, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून जळगावच्या एमआयडीसीत पोचले, तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "ताई, आज बठ्ठा लोके शेतमा गयात. भरीत शे. तुमले बी तठेच बलायेल शे." नोकरीची मुलाखत आणि शेतात! पण गरज मला होती, म्हणून रिक्षा केली आणि गेले.

शेतात काटक्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं. एक उंच, वाळका माणूस सफारीच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून लाकडी बडगीत वांगी ठेचत होता आणि शेजारच्याला सांगत होता की मिरच्या अजून कमीच आहेत. हेच आमचे डिझाइनचे प्रमुख. त्यांनी माझ्या फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी जेवा," म्हणाले. मी जेवले. भरिताचं तेल मनगटापर्यंत ओघळलं, तशी हात धुवायला उठले, तर त्यांनी खिशातून एक जाडसर पेन काढून माझ्या हातात ठेवलं.

"याचं झाकण काढा."

बोटं तेलकट. झाकण गुळगुळीत. ते नुसतंच फिरत राहिलं. मी रुमालाला हात घातला.

"रुमाल नाही. पेशंट काय रुमाल घेऊन बसलेला असतो?"

आजूबाजूला दहा-बारा माणसं जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. मला राग आला. ताटात कळण्याच्या भाकरीचा तुकडा उरला होता. त्यात मी झाकण धरलं आणि ओढलं. फट्कन निघालं. सर इतके खूश झाले की बडगी सोडून उठले. "उद्यापासून या," म्हणाले, "आणि तो भाकरीचा तुकडा टाकू नका, त्याचा खरखरीतपणा मोजायचाय." तो त्यांनी खरोखर कागदात बांधून नेला. पुढे त्या झाकणावर उभ्या खाचा आल्या, त्यांना कंपनीत अजून "भाकरी खाचा" म्हणतात.

आता आमची कंपनी काय करते ते सांगायला हवं, नाहीतर हा माणूस वेडा होता असंच वाटायचं. वेडा होताच, पण कामापुरता. चटया, पाइप आणि डाळींच्या कारखान्यांच्या मधोमध आमची बसकी इमारत. तिथे आम्ही इन्शुलिनची पेनं बनवतो. साखरेचा आजार झालेल्या माणसाने घरच्या घरी स्वतःला टोचून घ्यायचं साधन. पुढे बारीक सुई, पोटात औषधाची नळी, मागे फिरवायची चकती. चकती फिरवली की टक टक वाजते. एक टक म्हणजे एक युनिट. डॉक्टरने जेवढी सांगितली तेवढी फिरवायची, सुई पोटाला लावायची, मागचं बटण दाबायचं. संपलं. सांगायला चार वाक्यं, आणि ती चार वाक्यं नीट घडावीत म्हणून आमच्यासारख्या माणसांचे केस पांढरे होतात.

सरांच्या खिशात अशी चार पेनं कायम असत. सही करायची वेळ आली की मात्र, "अरे, पेन आहे का कोणाकडे?"

मला ते कधी नावाने हाक मारत नसत. मी धुळ्याची, म्हणून "धुळे". "ए धुळे, इकडे ये. तुमच्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत ना, म्हणून तुम्ही सरळ रेषेत विचार करता. माणूस सरळ रेषेत चुकत नाही." मीही ऐकून घेणारी नव्हते. जळगावच्या माणसाला सोनं आणि केळी यांपलीकडे काही कळत नाही, असं मी तोंडावर सांगत असे. ते हसत आणि पुढचं पेन जमिनीवर टाकत.

टाकत म्हणजे अक्षरशः टाकत. पेन पडून टिकलं पाहिजे, याची चाचणी प्रयोगशाळेत व्हायचीच, तिथे त्यासाठी यंत्र होतं. सरांचा यंत्रावर विश्वास नव्हता. "यंत्र टाकतं. माणसाच्या हातातून निसटतं. दोन्ही वेगळं." म्हणून ते बोलता बोलता पेन निसटू देत. कँटीनच्या कडप्प्यावर, बँकेच्या पायऱ्यांवर, देवळाच्या ओवरीत. एकदा पद्मालयाच्या गणपतीला आम्ही सगळे गेलो होतो, तिथे दर्शनाच्या रांगेत त्यांनी तीन वेळा पेन पाडलं आणि तीन वेळा मागच्या भाविकाने ते अदबीने उचलून दिलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, "भाऊ, खिसा फाटेल शे का तुमना?"

उन्हाळ्यात त्यांच्या गाडीच्या पुढच्या काचेखाली पेनांची रांग वाळत घातलेली असे. जळगावचा मे महिना ज्याने भोगलाय त्याला वेगळं सांगायला नको. तिथे तापलेली पेनं संध्याकाळी घरी नेऊन ते फ्रिजमध्ये ठेवत, दह्याच्या भांड्याशेजारी. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगत, "आमच्या फ्रिजमध्ये पन्ह्याला जागा नाही. पेनांना आहे." टोचायच्या सरावासाठी ते भरिताची ती मोठी, फिकट हिरवी वांगी आणत आणि त्यांत पाणी टोचत. ही वांगी स्वयंपाकघरात जाता कामा नयेत असा त्यांचा दंडक होता. हिवाळ्यात त्यांच्या परसात रोज वांगी पुरली जात. शेजाऱ्यांना वाटे, काहीतरी तोडगा चाललाय.

आणि लग्नं! खानदेशात लग्नाच्या वरातीत जो डीजे वाजतो त्याने छातीची हाडं हलतात. अशाच एका वरातीत, एरंडोलला, नवरा घोड्यावर आणि आम्ही सगळे स्पीकरच्या तोंडाशी, तेवढ्यात सरांनी माझ्या हातात पेन कोंबलं आणि कानाशी ओरडले, "फिरव! ऐकू येतंय?"

"नाही!"

"बोटाला कळतंय?"

मी डोळे मिटून फिरवलं. बोटाला बारीक धक्का लागत होता, एकामागे एक.

"कळतंय!"

"मग ठीक आहे," असं म्हणून ते नाचायला लागले. फार वाईट नाचत.

त्यांच्या मनात एक दुखणं मात्र कायम होतं, आणि ते पुढे महत्त्वाचं ठरणार आहे म्हणून आताच सांगते. नवी सुई बसवली की टोचण्याआधी दोन टक फिरवून दोन थेंब बाहेर सोडून बघायचे असतात. सुई तुंबलेली नाही, नळीत हवा अडकलेली नाही, हे त्यावरून कळतं. नाहीतर माणसाला वाटतं आपण औषध घेतलं, आणि गेलेली असते हवा. आमच्या माहितीपत्रकावर हे ठळक छापलेलं होतं. चित्र होतं. चित्राला लाल चौकट होती. आणि कोणीही करत नसे. औषध मातीत घालवायचं लोकांच्या जिवावर येतं. सर त्या लाल चौकटीकडे बघून म्हणत, "ही आपण आपल्या समाधानासाठी छापलीय."

त्यांचा एक नियम होता: विचारायचं नाही. दर महिन्याला आम्ही कंपनीची जीप घेऊन गावोगाव जात असू. बाजाराच्या दिवशी पारोळ्याला, कधी चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला. सुई नसलेली पेनं आणि कापसाच्या उश्या घेऊन बसायचं, लोकांच्या हातात पेन द्यायचं, आणि बघत राहायचं. पहिल्याच फेरीत मी एका आबांना विचारलं, "कसं वाटलं?" आबा पिकल्या मिशांचे, डोक्याला टोपी. म्हणाले, "भारी शे बेटा, एकदम भारी शे." मी आनंदाने लिहून घेतलं. सरांनी माझ्या खांद्याला बोट लावून दाखवलं. आबांनी पेन उलटं धरलं होतं. सुईचं तोंड अंगठ्याखाली, बटण उशीवर. खरी सुई असती तर ती त्यांच्याच अंगठ्यात गेली असती, आणि तरीसुद्धा ते म्हणाले असते, भारी शे.

परतताना सर म्हणाले, "धुळे, आपल्याकडे पाहुण्याला कोणी वाईट सांगत नाही. तू त्यांच्या दारात गेलीस, पाणी प्यायलीस. आता ते तुझ्या पेनाला नावं ठेवणार आहेत का? हात बघ. तोंड बघू नको. तोंड पाहुणचार करतं."

त्या आबांमुळे आमचं बटण मोठं, पसरट आणि केशरी झालं, आणि सुईकडचं टोक निमुळतं. मी तेव्हापासून कोणाचंही बोलणं ऐकताना हातांकडे बघते. नवऱ्याचं तर हमखास.

तर असा हा नियम ज्याचा, तोच माणूस तो कसा विसरला, ते आता सांगते.

सरांची थोरली बहीण चोपड्याजवळच्या एका खेड्यात राहत होती. सारं गाव तिला अक्का म्हणे, आम्हीही. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, केळीचा मळा वाट्याने दिलेला, घरात एकटी. साखरेने डोळे अधू केले होते. माणूस समोर आलं तर आकार दिसे, पेनावरचा आकडा दिसणं शक्य नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ शेजारची सून येऊन आकडा बघून टोचून देई. त्या सुनेचं बिऱ्हाड आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, नाशिकला हलणार होतं. अक्काचा मुलगा धुळ्याला, देवपुरात, तिसऱ्या मजल्यावर. तो भला माणूस. त्याने सरांना स्पष्ट सांगितलं, "मामा, आखाजी झाली की मी आईला घेऊन जातो. टोचणार कोण तिला? चुकून जास्त गेलं आणि साखर उतरून घरात एकटी पडली, तर दार फोडायलाही कोणी नाही."

यात खोटं काय होतं? सर गप्प बसले. अक्का बसली नाही.

"आठे माले कमी दिखस," ती म्हणाली. "धुळे गई ते मी आंधळी व्हई जासू."

मी तिथेच होते. तिचं म्हणणं मला तेव्हा कळलं, कारण ते बोलता बोलता ती उठली, चुलीशी गेली, फडताळातून साखर, चहापत्ती, कपबशा काढल्या, आणि एकदाही चाचपडली नाही. त्या घरात तिच्या हातांना सगळं पाठ होतं. तिसऱ्या मजल्यावर तिला पहिल्यापासून शिकावं लागलं असतं, आणि त्या वयात कोण शिकतं.

आमचं नवं पेन त्या वेळी सगळ्या परवानग्या होऊन बाजारात यायच्या बेतात होतं. सरांनी ते मनातल्या मनात अक्कासाठीच घडवलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पुढे फिरवलं तर टक, ठसठशीत; चुकून जास्त झालं आणि मागे फिरवलं तर खरखर; औषध पूर्ण गेलं की शेवटी एक वेगळाच, खणखणीत ठोका. बटण दाबायला जोर नको, आतली स्प्रिंगच काम करणार. आकडा न बघता घेता येईल असं पेन. चोपड्याच्या डॉक्टरांनी अट घातली होती: आधी उशीवर पाण्याने सराव, आणि तो पक्का झाला तर आठवडाभर त्यांच्या दवाखान्यात येऊन त्यांच्यासमोर घ्यायचं. जमलं, तर राहू द्या गावी.

आखाजी तोंडावर आली होती. घरोघरी माहेरवाशिणी, झाडांना झोके. आम्ही गेलो तेव्हा भाचाही धुळ्याहून आला होता. अक्का ओट्यावर मांडी घालून बसली, मांडीवर उशी, हातात पाण्याने भरलेलं पेन. डोस बाराचा. तिने मोजायला सुरुवात केली. जुन्या बायका धान्य मापताना मोजतात तसं, पहिल्याला लाभ म्हणून.

"लाभ… दोन… तीन…"

एकेक टक सावकाश. बारा झाले. मग बटण, मग ठोका, मग पुन्हा. तीनदा केलं. तिन्ही वेळा तिचं तोंड शांत, आवाज ठाम.

सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कोणत्याच प्रदर्शनात, कोणत्याच बक्षिसाला पाहिला नाही. ते पुढे झुकले, आणि आयुष्यभर ज्या प्रश्नाला त्यांनी आम्हाला बंदी केली होती तो विचारून बसले.

"अक्का, कसं शे?"

"चांगलं शे ना भाऊ! तू बनाडेल शे, ते वाईट कसं ऱ्हाई?"

भाचा हसला. त्यानेही मान डोलावली. सर डोळे पुसत होते. आणि मी, कारण त्यांनीच मला ती खोड लावली होती, अक्काचे हात बघत होते.

बारा म्हटल्यावर तिचं बोट चकतीवरून उठत नव्हतं. बटणाकडे जाता जाता ते अजून एकदा फिरत होतं. अगदी हलकेच. बोलण्याच्या आवाजात तो टक बुडून जात होता. तिन्ही वेळा.

मी काय करावं? बोलले, तर म्हातारी घरातून उठते. गप्प बसले, तर म्हातारी एकटी असताना पडते. विचार करायला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला विचार करायचाही नव्हता.

"सर," मी म्हणाले, "तेरा होताहेत."

भाच्याने मामाकडे पाहिलं. सरांनी अक्काकडे. पुन्हा करायला सांगितलं. सर या वेळी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. बारा; आणि एक.

"अक्का, हाऊ शेवटला कसाना?" त्यांनी हळूच विचारलं.

अक्काला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "वरना शे. मापानं कोरडं कोनी देस का रे? वरतून एक टाकनंच पडस."

"औषधले बी?"

"औषधले बी. कोरडं माप आंगले लागत नही."

"आनि सणले?" मी मध्येच विचारलं. का कोण जाणे, मला शंका आली.

"सणले दोन," अक्का म्हणाली.

भाच्याने कपाळाला हात लावला. "बघितलंत मामा? म्हणून म्हणतो मी."

एक युनिट म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल. सरांसमोर असं म्हणणाऱ्याला ते खोलीबाहेर काढत. आणि इथे तर म्हातारं, एकटं माणूस, सकाळी अर्धी भाकरी खाणारं, आणि पुढे पोळा, दसरा, दिवाळी. प्रत्येक सणाला उदार होत जाणारा हात.

आम्ही अंगणात आलो. मी म्हटलं, "सर, बारावर अडसर बसवू. पुढे फिरणारच नाही."

"आणि डॉक्टरने उद्या बाराचं दहा केलं, तर तो अडसर हलवायला कोण येणार? तू?" त्यांनी मान हलवली. "शिवाय ती दुसऱ्यांदा भरेल, धुळे. माप कोरडं राहिलं असं वाटलं, की पुन्हा एक भरून टोचेल. अडवलेलं माणूस वळसा घालून येतं." मग बराच वेळ ते अंगणात नुसते फेऱ्या मारत राहिले. खिशातलं पेन एकदाही पडलं नाही, म्हणजे ते किती हादरले होते बघा. मध्येच थांबून म्हणाले, "मी तिच्या तोंडाकडे बघत होतो गं."

मला त्यांची फार दया आली.

ओट्यावर परत येऊन ते अक्काच्या शेजारी बसले, आणि समजावण्याऐवजी भलतंच विचारायला लागले. आपल्या खळ्यावर पूर्वी धान्य मापायचे ते आठवतं का? वरतून टाकायचे ते कोणाला?

"लोहारले, सुतारले," अक्का म्हणाली. "जो लेवाले ई त्याले."

"आनि घरना कणगीमा भरताना?"

अक्का थांबली. "घरनाले कसानं वरतून? आपलं आपलेच."

"मंग हाई औषध तू कोनले देस?"

अक्का पेन हातात फिरवत राहिली. तिला पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. एवढ्या वर्षांचा हात कोरडा कसा राहावा?

"बरं," सर म्हणाले, "देवनं कव्हय काढतस? पहिले का मांगतून?"

"देवनं पहिलेच काढनं पडस. उष्टं चालस का देवले?"

आणि मला दिसलं, सर सावरून बसले. त्यांचे हात. आधी मांडीवर पडले होते, ते एकदम जागे झाले. त्यांनी अक्काच्या हातातलं पेन घेतलं, दोन टक फिरवलं, सुई ओट्याखालच्या मातीकडे केली आणि बटण दाबलं. पाण्याचे दोन थेंब मातीवर पडले. खणखणीत ठोका वाजला.

"हाई देवनं," ते म्हणाले. "पहिले. आते जे मोजशी ते तुनं. घरनं. कोरडं."

अक्काने पेन हातात घेतलं. मातीत ओलं झालेलं तिला दिसणं शक्य नव्हतं. ती खाली वाकली, बोटाने तो ओलसर ठिपका चाचपून पाहिला, आणि पुन्हा वर येऊन बसली. दोन टक फिरवून देवाचं काढलं. मग लाभपासून मोजलं. बारा झाले आणि बोट उठलं. सरळ बटणावर गेलं.

त्या दुपारी तिच्याकडून ते इतक्या वेळा करून घेतलं की अंगणात चिखल झाला. एकदाही तेरा झाले नाहीत. भाचा तर शेवटी जमिनीवर पालथा पडून, डोळे चकतीला लावून मोजत होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातला आठवडाही पार पडला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत सुई तपासून घेणारी पेशंट ते पहिल्यांदा बघताहेत, आणि तीही न सांगता, दर वेळी. आखाजी झाली, शेजारची सून नाशिकला गेली, भाचा रिकाम्या गाडीने धुळ्याला परतला. रिकाम्या म्हणजे अक्काने भरलेल्या पापड-कुरडयांसह.

आमच्या पत्रकावरची ती लाल चौकट सरांनी काढून टाकली. तिथे आता ओंजळीच्या चित्राशेजारी एक ओळ आहे: पहिले दोन देवाचे, मग मोजून आपले. मुंबईहून आलेल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी भुवई वर केली होती. सरांनी त्यांना एका गावात नेलं आणि लोकांचे हात दाखवले. त्यांनी भुवई खाली केली. परत येताना त्या बाईंनी गाडीत काकूंच्या हातच्या पुऱ्या खाल्ल्या, आणि सरांनी तेवढ्यात त्यांच्याकडूनही तेलकट बोटांनी झाकण उघडून घेतलं.

त्या नियमभंगाबद्दल मी त्यांना पुढे पुष्कळ चिडवलं. "सर, कसं शे?" असं मीटिंगमध्ये मध्येच विचारायचे. ते हातातलं पेन माझ्या दिशेने निसटू देत.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेत, काही न होता. सकाळी काकू उठवायला गेल्या तर उशाशी एक उघडलेलं पेन होतं आणि त्याची स्प्रिंग पलंगाखाली. ती शोधता शोधताच झोपले असणार. कंपनीत आम्ही कोणी त्या दिवशी काही पाडलं नाही. हात आपोआप घट्ट झाले होते.

महिन्याने मी चोपड्याला गेले. अक्काच्या घराचं फाटक ढकललं तर ती अंगणात दोरीवरचं वाळवण काढत होती, चाचपडल्याशिवाय. माझा आवाज ओळखून म्हणाली, "धुळे उनी का?" मला धुळे म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं. भाऊ गेल्यावर मुलगा पुन्हा न्यायला आला होता, तिने त्याला परत पाठवलं. तिने चहा ठेवला, आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग तिची वेळ झाली. ओट्यावर बसून तिने नवी सुई बसवली, पदर बाजूला केला, पेन हातात घेतलं. दोन टक फिरवले आणि सुई खाली मातीकडे केली.

मी मनात म्हटलं, हाई देवनं. सवयीने.

थेंब पडले. ठोका वाजला.

"हाई भाऊनं," अक्का म्हणाली.

मग तिने लाभपासून मोजायला घेतलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. बारावर बोट उठलं, अगदी कोरडं. तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.